मिहानोचे तीन दिवस

६ मे, मंगळवार
आज होडीनं आलं: मीठ चाळीस किलो, ४० सोल. मरियामातेच्या महिन्यासाठी मेणबत्त्या, ६ सोल. गॅसची टाकी एक, ६० सोल! टाकी आल्या पावली परत पाठवली. गॅस कंपनी आमच्या पायाखालून काढणार, आणि टाकी येते डोंगरापलीकडून, लिमाहून. चूल बरी.

मीठ बघून सासूबाई म्हणाल्या, "मासे कुठायत? वर्षभर नुसतं मीठ चाटायचं का?"

मासे येणार. मे अखेरीला बोकिचिको माशांच्या झुंडी नदी चढून येतात, तोच मिहानो. त्या मिहानोत सुकवलेलं वर्षभर पुरतं. गेल्या वर्षी कंपनीच्या बार्जी पाइप घेऊन धडधडत राहिल्या, मासे खालूनच परत फिरले. यंदाही तसंच झालं तर... नाही लिहीत.

११ मे, रविवार
प्रार्थनेनंतर गावसभा. कंपनीचे इंजिनियर बार्रिएन्तोस मासातोची वाटी एका दमात प्यायले — युकाचा कंद कोणी चावून आंबवला ते विचारलं नाही, शहाणा माणूस! म्हणाले, "नदी उतरतेय. शेवटचे पाइप वर न्यायचेत. माशांसाठी फार तर तीन दिवस बार्जी बांधून ठेवतो. कुठले, ते तुम्ही सांगा."

मी ही हिशेबाची वही काढली. अकरा वर्षांच्या मिहानोच्या तारखा आहेत माझ्याकडे! "साबणाच्या हिशेबात मासे!" कोणीतरी ओरडलं, सगळे हसले. हसू देत. एकवीस, बावीस, तेवीस ठरलं.

फक्त सासूबाई म्हणाल्या, "सावरीचा कापूस अजून फुटला नाही. मासे वही वाचत नाहीत, सूनबाई."

१९ मे
नवरा, एलेउतेरिओ, भेटून गेला. कंपनीची सगळ्यांत पुढची बार्ज त्याच्या हातात. वाट त्यालाच ठाऊक, बाकीच्या मागून येतात. जेवला, पण ताईचा विषय काढला नाही. गेल्या पावसात त्याच्याच बार्जेच्या लाटेनं माझ्या बहिणीची, इग्नासियाताईची होडी उलटली. युका गेला, मोठं पातेलं गेलं, ताई कशीबशी वाचली. खालच्या वळणावर राहते, मासे आधी तिलाच दिसतात. दरवर्षी निरोप धाडायची. आता अवाक्षर नाही.

माळ जपताना तिचं नाव घेते.

२१ मे
बार्जी गावाखाली बांधल्या. नदीवर चिडीचूप! कोणी भांडं घासत नाही, माशाचं नाव काढत नाही. फादर याला अंधश्रद्धा म्हणतात. मी माळही जपते आणि गप्पही बसते.
मासा नाही.

२२ मे
नाही.

२३ मे, शुक्रवार
सकाळपासून टोमणे. "वहीत जाळं टाक, बाई!" मीठ झाकून ठेवलं. रडले थोडी.

दुपारी खालून एक होडी. वल्ह्यानं, एकटीच बाई, प्रवाहाविरुद्ध. इग्नासियाताई! पहाटेपासून वल्हवत होती. काठावर पाय ठेवला आणि म्हणाली, "माझ्या वळणावर नदी उकळतेय नुसती! उद्या दुपारी तुझ्या दारात. कापूस आजच उडाला."

एक दिवस! एका दिवसानं चुकले मी. आणि पहाटे बार्जी सुटणार.

एलेउतेरिओ समोरच उभा. ताईनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "काय भाऊजी, उद्या माशांना पण उलटवणार का?"

तो तडक वळला. बार्जेकडे गेला.

२४ मे
इंजिन चालूच होईना! पुढची बार्ज अडली म्हणून मागच्याही अडल्या. माणसं आत डोकं घालून बसली. बार्रिएन्तोस काठावर येरझारा घालत होते.

दुपारी आले! पाणी चांदीचं झालं. जाळी, टोपल्या, परकर — ज्याला जे मिळालं ते घेऊन गाव नदीत. सासूबाईसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात! "आता वाच तुझी वही!" म्हणून माझ्याच अंगावर मासा फेकला. चाळीस किलो मीठ पुरलं नाही. शेजारणीकडून आणलं. (परत द्यायचं: पाच किलो.)

ताई एलेउतेरिओच्या शेजारी बसून मासे चिरत होती. तो म्हणाला, "मोठं पातेलं मी आणून देतो." ती म्हणाली, "झाकणासकट." मग दोघं हसले.

२५ मे, रविवार
पाइप गेले पहाटे. काल रात्री, तो निघण्याआधी, एलेउतेरिओची विजार धुताना खिशातून एक भला मोठा नट पडला. तेलकट. इंजिनाचा.
"खोटं बोललास?" विचारलं.
"मी कुठं बोललो? इंजिनही बोललं नाही, मीही नाही."
त्याच्या वतीनं दोन माळा जास्त जपल्या. तिसरी जपताना हसू आलं, म्हणून थांबले.

१ जून
बार्रिएन्तोस आले. भाजलेला मासा खाल्ला, काटे नीट बाजूला ठेवले. मग खिशातून नट काढून टेबलावर ठेवला — अगदी तसलाच, कोरा करकरीत.
"हा इंजिन अडलं त्या दिवशी सकाळपासून माझ्या खोक्यात होता, बाई. पुढच्या वर्षी तुमच्या नवऱ्याला खिसा भरायला लावू नका. मला तारीख द्या. सगळ्या बार्जी थांबतील, चार दिवस."

सासूबाईंना सावरीवर नजर ठेवायला सांगितलं. ताईला चिठ्ठी लिहिली, तिची नक्कल इथे:
ताई, पुढच्या मे महिन्यात तुझ्या वळणावर पहिला मासा उसळला की कळव. आणि कबूल आहे की नाही, ते याच होडीच्या परतीच्या फेरीत लिहून धाड.