कळलं का, असं तुम्ही विचारायचात

साहेब, चार दिवस झाले, मला धड जेवण जात नाही, आणि का ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरा माणूस सुचत नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी आता ऑकलंडला मुलीकडे असतो. ती इथे हॉस्पिटलात नर्स आहे, जावई आहेत, आणि नात आहे. नात वर्तमानपत्रात तुमच्यासारखंच धंद्या-उद्योगाच्या पानावर लिहिते. तिथूनच सगळं सुरू झालं. सकाळपासून तीन वेळा डेअरीपर्यंत चालून आलो. दूध घरात होतं, तरी दूध आणलं.

तुम्हाला आठवत असेल, अमेरिकेत तुमच्या वर्तमानपत्राच्या इमारतीत तळमजल्यावर माझ्या मेहुण्याचं सँडविचचं दुकान होतं आणि काउंटरमागे मी असायचो. दुपारी चार वाजता तुम्ही टाइप केलेला कागद घेऊन खाली यायचात, कॉफी मागायचात आणि उद्याचा लेख मला सावकाश वाचून दाखवायचात. माझं शिक्षण सातवी नापास, तेही मराठीत. पहिल्यांदा मी म्हणालो, साहेब, मला यातलं काय कळणार? तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तर वाचतोय. वरच्या संपादकाला सगळं कळतं, त्यामुळे तो माझ्या काही कामाचा नाही. तुला कळलं नाही, तर मी नीट लिहिलेलं नाही." मग मला अडलेल्या शब्दाखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारायचात आणि तिथेच उभ्या उभ्या सोपं वाक्य करायचात. मला इंग्रजी आलं ते असं. शाळेत ज्याला मागच्या बाकावर बसवलं, त्याला विचारून एवढा मोठा माणूस आपलं वाक्य बदलतो, हे मी गावी पत्रात लिहिलं तर कोणाला खरं वाटेना. मेहुणा तर रोज टोमणे मारायचा. "या दाजी, या. आज अमेरिकेच्या व्यापाराचं काय ठरवलंत?"

तुमचे शत्रू काही कमी नव्हते. गाड्या विकणाऱ्यांची लबाडी तुम्ही लिहिलीत, तर त्यांनी सगळ्यांनी मिळून वर्तमानपत्राच्या जाहिराती बंद केल्या. मग कामगार पुढारी मालकाच्या बोटीवर मासे मारायला जातो हे छापलंत, तर कोणीतरी तुमच्या टेबलावर सडका मासा खोक्यात घालून ठेवला. तुम्ही ते खोकं खाली आणून मला विचारलंत, याचं कालवण होईल का. पुढे एका गिरणीमालकाची तुम्ही फार स्तुती केलीत आणि तुम्ही त्याच्याकडे पाहुणचार घेता हे उघड झालं, तेव्हा त्याच पानावर स्वतःची चूक कबूल करून माफी मागितलीत. मला वाटलं होतं, आता हा माणूस काउंटरवर तोंड दाखवणार नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता तुम्ही उभे.

आणि मग तो फर्निचर कारखान्याचा लेख. मेहुणा गल्ल्याशी उभा आहे, सकाळीच चार गिऱ्हाइकांसमोर मला "प्रोफेसर" म्हणून हसलेला आहे, आणि तुम्ही वाचता आहात. लेख लांब आहे. कारखाना कशाकशाने बुडेल ते आधी येतं, एकापाठोपाठ एक, आणि शेवटी कुठेतरी येतं की नवा मालक शहाणा आहे, तो तगवील. तो शेवट माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मला एवढंच कळलं की कारखाना गेला. पण शेवटाकडे काहीतरी वेगळं ऐकल्यासारखंही वाटलं, म्हणून विचारावं असं मनात आलं. तुम्ही विचारलंत, कळलं का? मेहुणा बघत होता. मी हो म्हणून मान हलवली. तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि वर गेलात.

शहरानेही तो लेख माझ्यासारखाच अर्धा वाचला. लाकूडवाल्यांनी माल थांबवला, चांगले सुतार दुसरीकडे गेले, आणि जो कारखाना तगणार असं तुम्हाला म्हणायचं होतं तो खरंच बंद पडला. लोक तुमच्या नावाने बोटं मोडायला लागले. तुमचं सदर काढून घेतलं आणि तुम्हाला बागकामाच्या पानावर बसवलं. तुम्ही शेवटचे खाली आलात तेव्हा कागद नव्हता. कॉफी प्यायलात आणि म्हणालात, "सगळे म्हणतात मी गोंधळाचं लिहिलं. पण तुला तर कळलं होतं ना?" मी परत मान हलवली. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "मग बरं," म्हणालात. साहेब, ते "मग बरं" मला अजून सलतं आहे.

नातीला मी तुमच्या गोष्टी लहानपणापासून सांगत आलो. पेन्सिल, सडका मासा, माफी, सगळं सांगितलं, पण मान हलवल्याचं नाही. त्यामुळे तिनेही तुमची रीत उचलली. लेख झाला की माझ्या खोलीत येते आणि इंग्रजी लेख अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सांगत वाचते. मागच्या आठवड्यात तिने जो वाचला तो इथल्या ईस्ट टामाकी भागातल्या एका कोल्ड स्टोरेजबद्दल होता. मालक आपलाच, मराठी. त्याला नुकतंच उत्तम उद्योजक म्हणून बक्षीस मिळालं आहे. तिथे कामाला आणलेल्या पोरांचे पासपोर्ट तो स्वतःच्या कपाटात ठेवतो, बर्फाच्या खोलीत पुरेसे गरम कपडे देत नाही, आणि कोणी बोललं तर म्हणतो, व्हिसा माझ्या हातात आहे. एकाची दोन बोटं कायमची बधिर झाली आहेत. तो नाव छापू द्यायला तयार झाला होता.

हा मालक आमच्या ओळखीचा आहे. मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा विमानतळावर न्यायला तोच आला होता. जावयाची पहिली नोकरी त्याच्याकडेच. गणपती त्याच्या हॉलमध्ये बसतो, आणि दर मंगळवारी आम्ही म्हातारे तिथेच पत्ते खेळतो, चहा-पोहे त्याचे. ती वाचत होती आणि मला दिसत होतं की आता हॉलमध्ये लोक पाठ फिरवतील, हिच्या टेबलावर कोणीतरी खोकं ठेवील, हिलाही बागकामाला बसवतील. तिने विचारलं, "आजोबा, कळलं?" लेख आरशासारखा स्वच्छ होता, साहेब. तुम्हीसुद्धा कुठे रेघ मारली नसतीत. मी म्हणालो, "नाही बाई, काही कळलं नाही."

तिने परत लिहिला. मी परत नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तर तिने चुलीपाशी बसून शेजारणीला सांगावं इतका सोपा केला. मी म्हणालो, "कोणाचे पासपोर्ट, कोणाकडे, सगळा गोंधळ होतोय." ती चिडली नाही. "इट्स ओके. यू आर माय बेस्ट रीडर," म्हणाली, आणि संपादकाला सांगून लेख एक आठवडा पुढे ढकलला. त्या आठवड्यात बोटं बधिर झालेल्या पोराने नाव मागे घेतलं. त्याला कोणीतरी समजावलं म्हणे. आता नावाशिवाय संपादक छापायला तयार नाही. कालपासून नात सारखं एकच म्हणते, "माझ्याकडून उशीर झाला. मला सोपं लिहिता येत नाही, आजोबा. मेबी मी या कामाची नाही." मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही तरी तिची समजूत काढा. आणि मंगळवारी मी हॉलमध्ये जाऊन पत्ते खेळून आलो. मालकाने स्वतः माझ्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली. "काका, घ्या ना अजून," म्हणाला. मी घेतले.

पोराला अजून परत विचारता येईल. तिने जाऊन सांगावं की लेख तयार आहे, आणि चांगला आहे. पण लेख चांगला आहे हे तिला माझ्याशिवाय कोण सांगणार, आणि मी सांगितलं तर ती विचारणार, मग तीनदा नाही का म्हणालात.

इथपर्यंत लिहिलं आणि ती खोलीत आली. "काय लिहिताय?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्या जुन्या साहेबांना पत्र. ती पलंगावर मांडी घालून बसली. "वाचून दाखवा ना. नाही कळलं तर मी सांगेन." मी चष्मा लावला. पहिली ओळ जशी आहे तशी वाचली, जेवण जात नाही इथपर्यंत, आणि पुढे कागदाकडे बघत मनचंच बोलत गेलो, हवा कशी आहे, गुडघा कसा दुखतो, नात किती छान लिहिते. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "कळलं," आणि चहा ठेवायला गेली. हा कागद मी टेबलावर उघडाच ठेवला आहे. तिला मराठी समजतं, पण वाचता येत नाही, हे मला लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं.