दादाचं मानपत्र

प्रिय दादा,

तुझ्या तुकडीतला मुलुंडचा नंदू सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर आई कायम बाजूला असते. पुढच्या रविवारी वंदना झाली की विहारात तुझा सत्कार आहे. वाकोल्यातल्या आपल्या गल्लीतून लढाईवर जाऊन आलेला तू पहिलाच. मानपत्र मी लिहायचं ठरलंय. विहार समितीच्या शांताबाई म्हणाल्या, घरात एकच ग्रॅज्युएट, तिला नाही तर कुणाला सांगायचं, आणि निबंध लिहू नकोस गं, लोकांना जेवायचं असतं. चार दिवस झाले, 'आयु. प्रबुद्ध' यापुढे अक्षर सरकत नाही.

बारावीनंतर तू भरती झालास म्हणून मी कॉलेजात गेले, हे मी विसरलेले नाही. नंदूबरोबर तुझा जुना फोन पाठवलास, तोही माझ्या अभ्यासासाठीच. त्यातलं सगळं पुसायला मात्र विसरलास. अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला कैदी कान धरून उठाबशा काढतोय. पडला की कुणीतरी बुटाने ढोसून उठवतोय. फोन धरणारा दिसत नाही. तो फक्त हसतो, आणि हसून झालं की त्याला उचकी लागते. असं हसणारा एकच माणूस मला माहीत आहे.

मग मी तुझ्या बाजूने कारणं शोधत बसले. व्हिडिओच्या आदल्याच दिवशी तुमच्या तुकडीतला मिहिर मारला गेला होता. आठवडाभर झोप नव्हती. साहेबांनी अडवलं नसेल, कदाचित त्यांनीच सांगितलं असेल. परिस्थिती साध्या माणसाकडून काय काय करवून घेते, यावर मी मानसशास्त्राच्या पेपरात चार पानं लिहिली होती. गुणही चांगले पडले. ही सगळी कारणं खरी असतील, दादा. पण त्यातलं त्या कैद्याला काय सांगू?

आजोबांचं आठवतं? गावात चावडीसमोर त्यांनाही कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. ते म्हणायचे, हुकूम देणाऱ्याचा चेहरा पुसट झाला, बघून हसणारे अजून दिसतात. ते ऐकून तू रडलास. मी लहान होते, तू का रडतोस म्हणून तुलाच चिडवत होते.

व्हिडिओ मी पुसलेला नाही. आईला काही माहीत नाही. निघण्याआधी वरच्या साहेबांकडे जा आणि स्वतः लेखी दे: कोण होतं, कुणी सांगितलं, तू काय केलंस. नाही दिलंस, तर मी देईन. कुठे द्यायचं ते विचारून ठेवलंय. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीस अशी भीती वाटते, तरी देईन. शिक्षा झाली तर प्रत्येक भेटीला मी येईन. मानपत्राचा कागद कोरा ठेवलाय. सांगून आलास, तर सत्कार होवो न होवो, त्यावर काय लिहायचं ते मला ठाऊक आहे.

तुझीच,
संघमित्रा