खाडीकाठचा एकच धूर

९ एप्रिल, दासगाव
पोचलो एकदाचा! महाडच्या स्टँडवर रिक्षावाल्याने माझे पुस्तकांचे खोके बघून मास्तर का, म्हणून विचारलं. निवृत्त झालो तरी तोंडावरचा खडू पुसला जात नाही म्हणायचा. शर्मिलाताईंनी मागची खोली दिली आहे, खिडकीतून सावित्रीची खाडी दिसते. त्यांचे यजमान राहुल मुंबईत असतात. घरात त्या आणि यजमानांची आजी, तुळजाबाई. वय एक्याण्णव, कान माझ्यापेक्षा तिखट.

लाकडा-कापडाच्या विमानांतून पहिल्यांदा समुद्र ओलांडायला निघालेल्या वेड्यांवर मी पुस्तक लिहितोय. त्यातलं एक प्रकरण म्हणजे तुळजाबाईंचे वडील, गणू मेकॅनिक. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट होती. पाहुण्या जावयासारखा जेवलो.

११ एप्रिल
आज तुळजाबाई बोलल्या. गणू एडनला इंजिनांच्या कारखान्यात होता. १९३४ साली एका साहेबाने त्याला मागच्या सीटवर घेतलं आणि चाकांऐवजी तरंगे लावलेल्या छोट्या विमानातून अरबी समुद्र ओलांडायला काढला. रेडिओ नाही. होकायंत्र बघायचं, लाटांवरून वारा ओळखायचा आणि अठरा तास खाली नुसतं पाणी. आधी आपल्या खाडीत उतरायचं, मग मुंबई, असा गणूचा हट्ट. घरी तार आली : अठरा एप्रिल, दुपारी चार, पाण्यापाशी धूर करा.

बायको पोटुशी होती. तिने धूर केला. पण एप्रिल म्हणजे राबाचे दिवस. भाताच्या रोपांची जागा भाजायला शेण, पाला, फांद्या रचून पेटवतात. इतरांना थांबवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी डोंगरापर्यंत शेत न् शेत धुमसत होतं. चारला इंजिनाचा आवाज आला, अर्धा तास घिरट्या घालत राहिला आणि थांबला. काही सापडलं नाही. तुळजाबाई श्रावणात जन्मल्या.

‘माजा बा हरवला नाय,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला जागा गावली नाय.’

तेव्हापासून त्या तारखेला वाडीत कुणी राब भाजत नाही. पाण्यापाशी एकच धूर, आधी आईच्या हातचा, आता तुळजाबाईंच्या.

१३ एप्रिल
दुपारी चारला खाडीच्या तोंडाकडून इंजिनाची घरघर आली. मला वाटलं होडी. शर्मिलाताईंना सहज सांगितलं, तर त्यांचा तांदूळ निवडणारा हात थांबला. गणूच्या विमानाचा तो आवाज दरवर्षी या दिवसांत येतो, पण फक्त घरच्यांना, म्हणाल्या. मला कसा आला, ते त्यांनाही कळेना.

१५ एप्रिल
आवाज रोज जवळ येतोय. पावणेचारलाच तुळजाबाई मागच्या दारात येऊन बसतात. यंदा बा दिसेल, असं त्यांना वाटतंय. पुढच्या वर्षी धूर करण्याचं बळ उरणार नाही, असंही म्हणाल्या. पाला वाहायला मी येतो म्हणालो. मनातून भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही.

१७ एप्रिल
ढीग रचून झाला. मी सुचवलं, दोन धूर एका रेषेत केले तर वैमानिकाला उतरायची दिशा कळेल. तुळजाबाईंनी साफ नकार दिला. एकच. मी मान डोलावली.

पण तीस वर्षं मी हेच वाचत आलोय. बांधापलीकडच्या शेतात दुसरा ढीग रचला. इथल्या पद्धतीने वरून माती टाकली, म्हणजे सावकाश धुमसत राहील.

१८ एप्रिल, संध्याकाळ


तुळजाबाईंनी त्यांचा ढीग पेटवला, मी माझा. चार वाजून दहा मिनिटांनी ते खाडीवर आलं. दिसलं. कापडी पंख, दोन डोकी. आधाराशिवाय न उठणाऱ्या तुळजाबाई ताठ उभ्या, दोन्ही हात वर. ते पाण्यावर आलं, खाली, आणखी खाली—

मग विमानातल्या दोघांना माझा धूर दिसला. वळले. बांध ओलांडला आणि आवाज तुटला. शेतात काही पडलं नाही. काहीच नाही.

तुळजाबाईंनी मागे वळून बघितलं. ‘तुमी केलात?’ एवढंच. मी हो म्हणालो.

१९ एप्रिल, सकाळ
पहाटे तुळजाबाई गेल्या. शर्मिलाताई माझ्याशी बोलत नाहीत. राहुल मुंबईहून निघालेत. स्मशान खाडीच्या काठालाच आहे. दुपारी नेतील. मी कुठल्या तोंडाने जाऊ?

१९ एप्रिल, चार वाजता
बांधावर उभा आहे. वही खिशातच होती.

चिता पेटली. पाण्यापाशी एकच धूर, सरळ वर. आणि आवाज! येतायत. अहो, येतायत, तुळजाबाई, तुमचा बा तुम्हाला न्यायला—

माझा ढीग. मातीखाली अजून जिवंत आहे. विझलाय म्हणून कालपासून मी बघितलंसुद्धा नाही.

बांधाजवळच्या नळाची बादली ओतली. धूर दुप्पट झाला. पांढरा. ओततोय तसा वाढतोय—

नळ बंद. पाणी नाही. मातीच टाकतोय, हातांनी— फटीतून येतोय—

वळले.

नको. इकडे नको. तिकडे, ती तिकडे आहे—

फार खाली आलेत. गणूचा चेहरा दिसतोय. पोरसवदा. लेकीपेक्षा किती लहान. खाडीकडे तो बघतच नाही. बाहेर वाकलाय, माझ्याकडे बघून हात वर केलाय, विचारतोय, इथंच का, इथंच उत