मामीच्या लॅपटॉपचं खोटं माप

चि. भाचीस,

मामाचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा चार जास्तच, कारण शेवटी काम आहे. तुझी पाठदुखी, जावईबापूंची सर्दी आणि तुमची ती डोकेदुखी मांजर, तिन्हींना उतार पडला असेल असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा कुरकुरतो, पण तो नोकरीत असल्यापासून कुरकुरतोय, त्यामुळे त्याला आता कोणी विचारत नाही.

तू मामीच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स घालून दिलंस तेव्हापासून तो हरणासारखा पळतोय, तुझं कौतुक करावं तेवढं थोडं. फक्त तो बॅटरीचा आकडा! सकाळी शंभर, तासाभरानं चौसष्ट, चहा गाळून येईपर्यंत एकतीस, आणि एकतीसवर गडी असा ठाण मांडतो की हलायचं नाव नाही. मग न सांगता-सवरता काळोख. तू फोनवर म्हणालीस की दोष लिनक्सचा नाही, तो बिचारा निरोप्या. बॅटरीतली चिप सांगेल ते कोपऱ्यात लिहितो, आणि चिपलाच स्वतःचं वय कळत नाही. (हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनाही लागू आहे.) ते ठीक. पण ज्यानं वजनमाप खात्यात तेहतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, त्याच्याच घरात खोटं माप? मी नियमाप्रमाणे कारवाई केली. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी डकवली, 'वापरास मनाई' लिहिलं, खाली सही आणि तारीख. मामी म्हणाली, शिक्काही मारा की. तो टोमणा होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता खरी गोष्ट. माझ्या आईच्या आजारपणात मामीनं शाळेतली गणित शिकवायची नोकरी सोडली, त्याला बारा वर्षं झाली. आई गेली, आणि मामी दुपारी एकटीच वहीत गणितं सोडवत बसायची. मला ते बघवत नसे. गेल्या आठवड्यात एका शाळेनं तिला लॅपटॉपवरूनच मुलाखतीला बोलावलं. समोर मुख्याध्यापिका आणि दोन परीक्षक, दहा मिनिटं काहीही शिकवून दाखवायचं. वय सत्तावन्न. परत कोणी बोलावणार नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. वेळेला उपयोगी पडावं म्हणून मी चार्जरची वायर धरून टेबलाखाली बसलो.

आणि बाईनं काय करावं? माझी पट्टी टर्रकन उपटली, 'एकतीस' असं मोठ्यानं वाचलं आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. वहीत आलेख! तीन आठवडे ही बाई स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून बॅटरीची खरी चाल टिपत होती आणि मला पत्ता नाही. (पट्टी रोज उचलून पुन्हा चिकटवायची, म्हणूनच ती इतकी सहज निघाली.) मी खोट्या मापाला शिक्षा केली, तिनं त्याच्याचकडून खरं काढून घेतलं. असं डोकं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही, साहेब लोक धरून. शांतपणे म्हणाली,

“हा आकडा रोज चुकतो, पण रोज सारखाच चुकतो. एकतीसवर आला की रोज तेवढीच मिनिटं चालतो. म्हणून आजचा माझा तास अकरा बेचाळीसला संपेल. लॅपटॉपच संपवेल.”

मी वायर पुढे केली, तिनं ती पायानं मागे सारली. मग असं शिकवलं, असं शिकवलं की मी टेबलाखाली मान डोलावत होतो. अकरा बेचाळीसला पडदा काळा. पाच मिनिटांनी मुख्याध्यापिकांचा फोन आला. तिकडे तिघेही घड्याळाकडे बघत होते म्हणे, आणि टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून या. मामीनं ओट्याशी जाऊन दोघांसाठी चहा टाकला.

तुझा,
मामा

ता. क. नवी बॅटरी पाठवू नकोस. मामीला पहिल्या तासाला हीच हवी आहे.

आणखी एक ता. क. (मुद्द्याचा.) लॅपटॉप कधी आणि कसा बंद पडला याची नोंद लिनक्समध्ये राहते आणि तुला ती तिकडूनच बघता येते म्हणे, ती मामी तुझ्याकडे मागणार आहे. आलेखात शेवटचा बिंदू मांडायचाय. तेवढं करू नकोस. अकरा बेचाळीस होऊन वीस सेकंद गेले तरी पडदा ढिम्म होता. तिचा आवाज किंचित कापला, फक्त मला कळेल इतकाच. आणि तेहतीस वर्षांत ज्यानं कुणाला पारड्याला बोट लावू दिलं नाही, त्याचं बोट टेबलाखालून वर गेलं आणि लॅपटॉपच्या कडेचं बंद करायचं बटण दाबून आलं. नोंद पुसली गेली म्हणून सांग.

ता. क. मामीकडून. पाकीट मी चिकटवतेय. बोट मला दिसलं होतं. नंतर लॅपटॉप पुन्हा चालू करून मोजलं, एक्कावन्न सेकंदांत आपला आपण पडला. मुख्याध्यापिकांना मी त्याच दिवशी ते कळवलं, त्या खूप हसल्या. यांना यातलं काही माहीत नाही. नोंद मागणार म्हटलं ते यांचा चेहरा बघायला. यांनी जन्मात एकदाच खोटं माप केलं, तेही माझ्या पारड्यात. ती नोंद पुसू नकोस, जपून ठेव.