डेलची निळी गाडी

ड्युलूथ, मिनेसोटा
१० जून १९८४

चि. डेल यास अनेक आशीर्वाद. सत्तावन्न वर्षांच्या बाप्याला चिरंजीव म्हणायची पाळी माझ्यावर आली, ती तुझ्याच करणीनं.

तुझं टाइप केलेलं पत्र परवा मिळालं. आधी वाटलं, तुझी बोटं चुकीच्या कळांवर पडली असतील. म्हणून एइनारला वाचायला दिलं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाला की डेलनं गाडी घेतलीय, टायपिंगची चूक नाही. माझा नवरा दिवसाला मोजके शब्द बोलतो, त्या दिवशी मात्र त्यानं वर शीळही घातली.

अरे, डोळे जाऊन पाच वर्षं झाली तुझे. बायको लोइस गेल्यापासून एकटा राहतोस. फेब्रुवारीत शेगडीवर हात भाजून घेतलास, तेही मला महिन्यानं कळलं. आणि आता गाडी? तीही सतरा वर्षांची जुनी? एखादा चांगला रेडिओ घ्यायचास. तू लिहितोस की ही सदुसष्ट सालची जीटीओ आहे आणि तिकडे सगळे तिला लाडानं बकरी म्हणतात. बकरीच हवी होती तर खरी पाळायचीस, दूध तरी मिळालं असतं.

आयरिनाबाई, हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवताय, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हा भाग जरा आवाज चढवून वाचा. तुम्ही शाळेची बस चालवता, गावाची पोरं तुमच्या भरवशावर असतात. शेजारधर्म म्हणून त्याची पत्रं वाचता, भाजी आणून देता, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण त्याला गाडी बघायला नेलंत तुम्ही आणि ती चालवत घरी आणलीतही तुम्हीच! एकानं वेडेपणा करायचा ठरवला तर दुसऱ्यानं निदान किल्ली लपवावी.

डेल, राग बाजूला ठेवते. मला खरंच कळून घ्यायचंय. जी बघता येत नाही, चालवता येत नाही, त्या गाडीवर माणसाचा जीव कसा काय जडतो? नीट लिही, थट्टा नको. मी ऑगस्टमध्ये येतेय. खालची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे, हे लक्षात असू दे.

लोभ आहेच. तो कमी व्हावा असं तू हल्ली फार वागतोस.

तुझी बहीण,
व्हर्ना

*

पॉन्टिअ‍ॅक, मिशिगन
२३ जून १९८४

प्रिय व्हर्ना,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आयरिनानं तू सांगितल्याप्रमाणे आवाज चढवून वाचलं. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. किल्ली लपवण्याच्या वाक्यावर ती वाचन थांबवून म्हणाली की तुमची बहीण मला आवडते, पण ती बस चालवत असती तर मी त्या बसमध्ये बसले नसते.

आता तुझा प्रश्न. तुला माहीत आहे, मी कारखान्यात डाव्या दाराची कडी बसवायचो. गाडी पट्ट्यावरून पुढ्यात यायची, मी कडी बसवायचो, दार एकदा लावून बघायचो आणि ती पुढे जायची. दिवसभर तेच. इतर गाड्यांची दारं नुसती लागायची. जीटीओचं दार लागताना खोल, भरलेला आवाज यायचा, एखाद्या धडधाकट माणसानं हुंकार द्यावा तसा. गंमत बघ, मी हजारो दारं बाहेरून लावली, आतून एकही नाही. तेव्हा घर घ्यायचं होतं, मग लोइसचं आजारपण आलं. गाड्या जात राहिल्या.

गेल्या शरद ऋतूत मी काठी घेऊन चौकात उभा होतो. सिग्नलला एक गाडी येऊन थांबली. उभ्या जागी इंजिन घुमत होतं. तो आवाज कानाला कळायच्या आधी माझ्या बुटांच्या तळव्यांना कळला. सिग्नल सुटला, ती गेली, आणि मी रस्ता ओलांडायचा विसरून गेलो. एका बाईला वाटलं मी हरवलोय, तिनं मला उगाच पलीकडे नेऊन सोडलं.

मग हिवाळाभर दर रविवारी आयरिना जाहिराती वाचायची. मला गडद निळी हवी होती. का ते विचारू नकोस, हवी होती. मे महिन्यात अखेर तशी मिळाली. विकणारा फार्मसीवाला भला माणूस निघाला. त्यानं मला अर्धा तास तिच्या अंगावरून हात फिरवू दिला. मग मी आत बसलो आणि दार ओढून घेतलं. आतून, व्हर्ना. त्या फार्मसीवाल्यासमोर मला रडू आलं, हे तुझ्यापुरतंच ठेवणार होतो, पण टाइप करून झालंय आणि खोडता मला येत नाही.

रोज संध्याकाळी आम्ही एक चक्कर मारतो. आयरिना चालवते, मी ऐकतो. तिसऱ्या गिअरमध्ये ती जरा जास्तच वेळ राहते. मी काही बोलत नाही.

एइनारला नमस्कार, त्याच्या शिळेलाही. बाकी तू येशीलच, तेव्हा रागावून घे. तोवर पत्रातला राग पुरवून वापर.

तुझाच,
डेल

*

ड्युलूथ
२६ ऑगस्ट १९८४

आयरिनाबाई यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे ते डेलला वाचून दाखवायचं नाही हे तुम्हाला कळलंच.

पाहुणचार उत्तम झाला. तुमच्या बटाट्याच्या धिरड्यांची मी इथे दोनदा नक्कल केली, दोन्ही वेळा तव्याला चिकटली. गाडीत बसणार नाही असं म्हणत आले आणि बसले, हेही कबूल. मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते, पण पहिल्याच वळणावर ती सोडून पुढची सीट धरावी लागली.

त्या संध्याकाळी बर्गरवाल्याच्या आवारात जुन्या गाड्यांचे शौकीन जमले होते, तिथे मी माझा प्रश्न घेऊन फिरले, ते तुम्ही पाहिलंत. ही गाडी का आवडते, असं भेटेल त्याला विचारलं. एक जाडजूड न्हावी अश्वशक्तीपासून सुरू झाला आणि युद्धावरून परत न आलेल्या भावापाशी येऊन थांबला. एका नर्सबाईनं सांगितलं की अशाच गाडीतून ती बापाच्या घरातून पळाली होती आणि आरशात घर लहान लहान होताना तिनं बघितलं होतं. सगळे आपापलं सांगत होते, गाडीचं कुणीच धड सांगेना. मी होते तितकीच अडाणी परत आले.

पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. आयरिनाबाई, ती गाडी हिरवी आहे.

मी टॅक्सीतून उतरले तेव्हा डेल तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. मला म्हणाला की बघ, कशी निळी आहे! मी तोंड उघडलं आणि तुम्ही त्याच्या मागून दोन्ही हातांनी मला खुणा केल्यात. मी गप्प बसले. आठवडाभर गप्प बसले. मला ते अजून लागून राहिलंय. आंधळ्या माणसाला रंगाच्या बाबतीत फसवणं याहून सोपं काय असतं? आणि सोपं आहे म्हणूनच ते करू नये.

त्याला इकडे यायचा आग्रह मी या वेळी केला नाही, कारण तुम्ही शेजारी आहात म्हणून माझी काळजी कमी झाली होती. पण जी बाई रंगाचं खोटं सांगते ती उद्या औषधाचं खोटं सांगणार नाही कशावरून? सप्टेंबर संपायच्या आत तुम्ही स्वतः त्याला खरं सांगा. नाहीतर मी सांगेन आणि त्याला घेऊनही जाईन.

कठोर लिहिलं. पण एकच भाऊ आहे मला.

आपली,
व्हर्ना लिंडक्विस्ट

*

पॉन्टिअ‍ॅक
१६ सप्टेंबर १९८४

मिसेस लिंडक्विस्ट यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी बसमध्ये बसून वाचलं, मुलं उतरल्यावर. तुम्ही लिहिलंत त्यातला एकही शब्द मला खोडता येत नाही. फक्त कसं घडलं तेवढं सांगते.

हिवाळाभर मी जाहिराती वाचत होते. जीटीओ आली की डेल खुर्चीत पुढे सरकायचे आणि विचारायचे की रंग कोणता. लाल म्हटलं की मागे टेकायचे. पांढरी म्हटलं की मागे टेकायचे. त्यांचं ते मागे टेकणं मला बघवेना. मे महिन्यातल्या त्या रविवारी छापलेलं हिरवी असं होतं. माझ्या तोंडून निळी निघालं. मी ठरवून बोलले नाही, पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही. ते उठून उभे राहिले होते हो, कोट शोधत होते.

फार्मसीवाल्याकडे पोचल्यावर मी आधी धावत पुढे गेले आणि रंगाचं बोलू नका म्हणून हळूच त्यांना विनवलं. त्यांनी डेलच्या काठीकडे पाहिलं आणि मान डोलावली. परत येताना डेल विचारत राहिले, आता कशी दिसते, आता कशी दिसते. मग मी सांगत गेले. खरं सांगू? एवढं निळी निळी म्हणता म्हणता मलाही ती आता निळीच दिसते. परवा पार्किंगमध्ये मी निळी गाडी शोधत फिरले आणि शेजारीच उभी असलेली आपली ओळखली नाही.

औषधाचं मात्र कधी खोटं बोलणार नाही. माझे यजमान स्टेफान औषध चुकवूनच गेले. ते गेल्यावर मी बस चालवत होते, स्वयंपाक करत होते, सगळं करत होते. पण या गाडीचा तिसरा गिअर पहिल्यांदा टाकला आणि मोकळ्या रस्त्यावर ती अशी सुटली की मी मोठ्यानं हसले. माझंच हसणं मला ओळखू येईना. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, मला नाही विचारलंत, म्हणून लिहिलं.

तुम्ही सांगितल्यापासून मी तीनदा बोलायला बसले. घसा खाकरून सुरुवात करते आणि दर वेळी डेल मध्येच दुसरं काही विचारतात. धीर होत नाही. पण महिना संपायच्या आत सांगेन. त्यांनी मग माझं तोंडही पाहू नये असं ठरवलं तर... बघा, काय लिहून बसले मी.

राग असला तरी पत्राला उत्तर द्यावं.

आपली,
आयरिना वोयचिक

*

पॉन्टिअ‍ॅक
२० सप्टेंबर १९८४

प्रिय व्हर्ना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः चालत जाऊन पेटीत टाकणार आहे. आयरिनाला माहीत नाही.

ती हल्ली सारखी घसा खाकरतेय. समोर बसते, हात पुसते, माझं नाव घेते आणि पुन्हा हात पुसते. हे तुझंच काम, मी ओळखलं. लहानपणीसुद्धा तू मला केकवर हात मारल्यावर आईकडे स्वतः कबूल करायला पाठवायचीस.

व्हर्ना, तिला सोड. गाडी हिरवी आहे हे मला ठाऊक आहे.

पहिल्याच दिवशी कळलं. येताना पेट्रोल भरायला थांबलो. आयरिना पैसे द्यायला आत गेली आणि पंपावरचा म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला की असा सुरेख हिरवा रंग हल्ली बघायला मिळत नाही. मी रागावलो. म्हटलं, येऊ दे बाहेर. ती आली, गाडी सुरू केली, आणि मी मुद्दाम विचारलं की आता कशी दिसते. पकडायचं होतं तिला.

तर ती सांगायला लागली. म्हणाली की आता झाडांखालून चाललोय, निळ्यावर पानांची जाळी पडलीय आणि जाळी पळतेय. पुलाखाली शिरलो तर म्हणाली की आता जवळजवळ काळी झाली, थांबा, थांबा, आता बाहेर आलो, आता ओल्या पाटीसारखी. बस चालवणारी बाई, पण श्वास न घेता सांगत होती. घरी पोचेपर्यंत मी विचारत राहिलो. राग कुठे उतरला तेही कळलं नाही.

माझे डोळे गेल्यापासून माझ्यासमोर कुणी रंगाचं नाव काढत नाही. वाईट वाटेल म्हणून. तूसुद्धा नाही. पायरी आहे, चहा गरम आहे, काटा डावीकडे आहे, एवढंच मला सांगतात. या बाईनं एका दुपारी मला इतका रंग दिला, तो खोटा होता म्हणून परत करू का? आणि मला कळलंय हे तिला कळलं, तर लाजेनं ती सांगायचंच थांबवेल. म्हणून ती घसा खाकरते आणि मी मध्येच विचारतो की आता कशी दिसते.

गाडीवर जीव का जडतो, असं तू विचारलं होतंस. जूनमध्ये मी दाराच्या आवाजाचं लिहिलं, ते खरंच होतं. पण आता माझा जीव नक्की कशावर जडलाय हे मला सांगता येत नाही. निदान तुला तरी नाही, आणि टाइप करून तर नाहीच.

खोली रंगवलीस, मी ऋणी आहे. पण मी येत नाही.

समजून घेशील असा भरवसा आहे,
डेल

*

ड्युलूथ
२७ सप्टेंबर १९८४

चि. डेल यास अनेक आशीर्वाद.

आयरिनाबाई, हे पत्र मुद्दाम डेलच्या नावानं पाठवलंय. मोठ्यानं वाचा. हवं तर बसून वाचा, पण मध्ये थांबू नका आणि एकही शब्द गाळू नका.

डेल, मी ऑगस्टमध्ये आले तेव्हा तुझ्या गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. मला कौतुक करता येत नाही, हे एइनार तुला सांगेल. पण बघून ठेवली होती. आज सांगते.

तुझी गाडी निळी आहे. मी टॅक्सीतून उतरले तेव्हा ऊन तिरपं होतं आणि तुझ्या हाताच्या आसपास ती आकाशी दिसत होती, दाराकडे गडद होत गेली होती. तू डोक्यावर टोपी घातली होतीस, त्या टोपीची सावली बॉनेटवर जांभळी पडली होती. बर्गरवाल्याच्या आवारात दिवे लागले तेव्हा ती पार शाईसारखी झाली आणि त्या शाईत पिवळे दिवे तरंगत होते. मी पासष्टीला आले, आजवर गाड्या नुसत्या टाळत आले. एक गाडी इतकी बघण्यासारखी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू त्या दिवशी तपकिरी स्वेटर घातला होतास, कोपरावर फाटलेला. आयरिनाबाईंचा पोशाख पिवळा होता आणि तो त्यांना शोभत होता. हे तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. यापुढे मीही सांगत जाईन.

खालच्या खोलीत एइनारनं आपली सुतारकामाची हत्यारं हलवली आहेत, तेव्हा ती तुला मिळणार नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ पडायला लागायच्या आत या, नाहीतर गाडी गंजेल असं एइनार म्हणतो. त्याला एवढं कसं माहीत, ते मी विचारलेलं नाही. तो हल्ली रविवारचा पेपर माझ्याआधी उचलतो.

आयरिनाबाई, वाचून झालं. आता नाक पुसा, आणि त्याला सांगा बाहेर उजेड कसा पडलाय ते.

तुम्हा दोघांची,
व्हर्ना