जुन्या गाडीला किती विमा

बाबा, परवा रविवारी आपला विमावाला घरी आला आणि म्हणाला, या वर्षी विमा कमी घ्या. तुम्ही असता तर चहाचा कप तिथेच खाली ठेवला असता. ज्याचं घर कमिशनवर चालतं असा माणूस अलीगंजच्या दुसऱ्या टोकावरून स्कूटर मारत येतो आणि आपणहून सांगतो, "साहब, गाड़ी चौदह साल की हो गई. इस बार फ़ुल रहने दीजिए, थर्ड पार्टी काफ़ी है." म्हणजे आपल्या गाडीने कोणाला इजा केली तर त्याची भरपाई कंपनी देईल, पण आपल्या गाडीचं काही झालं तर आपण आणि आपलं नशीब. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. जास्त घ्या म्हणाला असता तर मी नेहमीसारखी घासाघीस केली असती आणि विषय संपला असता. कमी घ्या म्हणतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या कंपनीकडून जास्त मिळत असेल, किंवा आपली गाडी मोडीत काढायला लावून नवी गळ्यात मारायची असेल. तो बिचारा चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता आणि मी त्याच्या बोटांकडेसुद्धा संशयाने बघत होतो.

हा स्वभाव तुमचाच. पेट्रोल पंपावर तुम्ही खाली उतरून मीटरचं शून्य डोळ्यांनी बघायचात, आणि सब्जीवाल्या भैयाने तराजू उचलला की आधी रिकामी पारडी बघायचात. मला तो दिवस आठवतो, मानक नगरच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर, आई भाकऱ्या थापतेय, आणि मी नुकताच बँकेत लागल्याच्या तोऱ्यात गॅसच्या फॉर्मवर न वाचता सही ठोकतो. तुम्ही ताट माझ्यापुढून बाजूला सरकवता. "वाच. मोठ्याने. शेवटच्या ओळीपर्यंत." आई म्हणते, अहो, जेवू द्या त्याला, निवतंय सगळं. तुम्ही ऐकत नाही. मी बारीक अक्षरातली सगळी कलमं वाचतो, भाकरी गार होते, आणि शेवटी तुम्ही एवढंच म्हणता, "उद्या लोकांच्या सह्या तपासणार ना तू?" मला त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता. पण पुढे बँकेत माझा दरारा बसला तो या रागामुळेच, हे कबूल करतो. दर वर्षी नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला घेऊन येतात तेव्हा मी फोटो बघतो, माणूस बघतो, पुन्हा फोटो बघतो. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या मावशींच्या मुलाला मी परत पाठवलं होतं. आई झोपून आहे, उठता येत नाही, म्हणत होता. मी म्हटलं, मग आम्ही घरी येऊन बघू. आणि गेलोही होतो. होत्या मावशी, झोपूनच होत्या, आणि मलाच चहा विचारत होत्या.

तर रविवारी मीही तुमच्यासारखंच केलं. गेल्या वर्षीची पॉलिसी काढली आणि मुलीला म्हटलं, वाच मोठ्याने, बघू यात काय लपवलंय. तुमची नात आता चोवीस वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, वाचताही येतं, पण उत्तर हिंदीत. गेले आठ महिने तीच गाडी चालवते, नोकरीला रोज मानक नगरच्या पलीकडे जाते, येताना कधी छावणीतून वळसा घालून येते, तिथले रस्ते मोकळे म्हणून. ती वाचत गेली, गाडीची किंमत, अमुक वजा, तमुक वजा. मग थांबली. "पापा, ये ओनर-ड्राइवर का एक्सीडेंट कवर है. मालिक को चोट लगे या डेथ हो जाए तो पैसा मिलेगा. लेकिन मालिक तो आजोबा हैं." पान उलटलं. "और नॉमिनी आप हैं."

अकरा वर्षं, बाबा. अकरा वर्षं मी दर वर्षी तुमच्या अपघाती मृत्यूचा विमा उतरवत आलो आणि पैसे मला मिळावेत अशी सोयही करून ठेवली होती. दुसऱ्या कोणी असा कागद माझ्या टेबलावर आणला असता तर मी त्याला मॅनेजरसमोर उभा केला असता.

मुलीला फोन आला, ती बाल्कनीत गेली. मी विमावाल्यावर आवाज चढवला. इतकी वर्षं तुम्ही काय बघत होता? त्याने शांतपणे बशी खाली ठेवली. "साहब, मैंने तो हर साल पूछा. आपने हर बार कहा, पिताजी बाहर गए हैं. मोहल्ले में बात छुपती थोड़े ही है, मैं समझ गया था. पर आपसे कैसे कहता? ग़लती मेरी भी है. इसीलिए कह रहा था, फ़ुल मत लीजिए. कुछ हो गया तो कंपनी पहले मालिक को ही पूछेगी, और आपको एक पैसा नहीं मिलेगा. पहले नाम बदलवाइए."

त्याचं खरं होतं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्या वर्षी त्याने फोनवर "साहब हैं?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. तुमचं दिवसकार्य होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि पुन्हा एकदा तेच सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. दुसऱ्या वर्षी खरं सांगायला लाज वाटली, आणि मग ती सवयच झाली. मी तुमच्या गाडीचा पत्रा जपत राहिलो, ओरखडासुद्धा भरून मिळावा म्हणून पुरा विमा घेत राहिलो. आणि आठ महिने माझी मुलगी त्याच गाडीतून ट्रकांच्या मधून जात होती, तिला काही झालं असतं तर कागदावर ती कुठेच नव्हती.

आता ठरवलंय. तुमचा मृत्यूचा दाखला देऊन गाडी तिच्या नावावर करतोय, ताईनेही वारस म्हणून ना-हरकत सही करून पाठवली, आधी नीट वाचून. नाव बदलून नवी पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी दारातच उभी राहील, तिने ऑटोने जायचं. गाडीच्या नुकसानीचा विमा घेणार नाही. कंपनीच्या लेखी तिची किंमत आता फारशी उरली नाही, आणि बंपर बदलायचा झाला तरी निम्मा खर्च आपल्याच माथी. रस्त्यावरच्या माणसांसाठी थर्ड पार्टी, मुलीसाठी अपघाताचा आणि शेजारी बसणाऱ्यांसाठी वेगळा, एवढं पुरे. तुम्ही यात खोट काढली असती, पण मला सापडत नाही.

हे पत्र गाडीच्या फायलीत ठेवणार होतो. पण ती फाइल आता तिच्याकडे जाईल आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. रविवारी बाल्कनीतून आत आल्यावर तिने विचारलं, "पापा, ये ग़लती हुई किससे?" विमावाला तिथेच बसला होता. मी म्हटलं, यांच्याकडून. त्याने बशी पुन्हा उचलली आणि उरलेले शेंगदाणे वेचायला घेतले.