कठड्यावरचा पहिला वडा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी चहाच्या वेळेला घरात तळणीचा वास येतो. गॅस बंद असतो. लेकीला विचारलं तर ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणते, "मम्मा, नोबडी इज कुकिंग." मी स्वयंपाकघरात जाऊन कढई जागेवर आहे ना, एवढं बघून येते.

मंदीच्या त्या वर्षी तू इथे आखातात, अल बर्शाच्या याच घरात होतीस. बिल्डिंग रिकामी होत चालली होती, लोक गाड्या पार्किंगमध्ये तशाच टाकून विमानात बसत होते. ह्यांच्या ऑफिसातही रोज कुणीतरी कमी व्हायचं. तुझा उपाय एकच, वडे तळायचे आणि जे उरलेत त्यांना खाऊ घालायचे. पहिला वडा मात्र कुणाला मिळायचा नाही. तो बशीत घालून खिडकीच्या कठड्यावर, बाबांसाठी. "गेलेल्यांचा आधी, मग आपला." मी चिडवायचे, "आई, साळुंकी पळवते तो, बाबा नाही." तू पीठ कालवता कालवता म्हणायचीस, "पळवू दे. बाबाच पाठवत असतील तिला."

समोरच्या फ्लॅटमधली शिक्षिका तेवढी टिकून होती. ती कॅरिबियन बेटावरची, तिचे पणजोबा कधीकाळी ऊस तोडायला हिंदुस्थानातून बोटीनं गेलेले. तिच्याकडे आजीला आजीच म्हणतात, म्हणून तूही तिची आजी झालीस. तुला इंग्रजी येईना, तिला मराठी. तरी दोघी ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या असायचात, काय बोलायचात देव जाणे.

मग एका दुपारी तू झोपेतच गेलीस. त्यानंतर मी वडे केले नाहीत. तुझ्या हाताची चव येत नाही, असं लोकांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. वडे केले की पहिला काढून ठेवावा लागणार, आणि तो आता तुझा असणार. मला तुला गेलेल्यांत धरायचंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्या शिक्षिकेच्या गावातल्या शाळेचं छप्पर वादळानं उडवून नेलं. केळी आणि उसातलं लहानसं गाव. ती केव्हाच शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिलिकॉन ओएसिसला राहायला गेली होती, पण आमच्या बिल्डिंगनं तिच्या गावासाठी, रीतसर परवानगी काढून, आवारात खाऊगल्ली भरवली. ह्यांनी मला न विचारता ग्रुपवर लिहून टाकलं, "आमच्याकडून आजींचे वडे." झालं, मी अडकले.

माझ्या शेजारीच तिचा स्टॉल. ती मऊ पुऱ्या तळत होती, दोन पुऱ्यांमध्ये छोल्यांची उसळ घालून द्यायला. माझं तेल तापलं होतं, समोर रांग लागली होती, खालच्या मजल्यावरचा लेबनीज म्हातारा "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता, आणि माझा हात पिठात जाईना. तेवढ्यात तिनं पहिली पुरी कागदी बशीत घातली आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवली.

"हू इज दॅट फॉर?" मी विचारलं.

"आजी," ती म्हणाली. "ऑल्वेज आजी. शी टॉट मी." मग माझ्याकडे बघून हळूच, "यू डोन्ट?"

मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. आधी तर तिचा रागच आला. मी तुला जिवंत ठेवायला धडपडत होते आणि तू समोरच्या दारात जेवत होतीस. मग वाटलं, बरं झालं, उपाशी तरी राहिली नाहीस. डोळे पुसून मी पहिला वडा तळला आणि तिच्या पुरीशेजारी नेऊन ठेवला. दिवस मावळेपर्यंत दोघी तळत होतो. निघताना ती म्हणाली, छप्पर बसेल आता, इन्शाल्ला.

वासाचं कोडं सुटलं, तो समोरच्या तिच्या फ्लॅटमधूनच येत होता, असं घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण तिला तो फ्लॅट सोडून किती वर्षं झाली. तिथे राहतो तो मुलगा रोज बाहेरून मागवतो." काल दुपारी वास परत आला.

हे पत्र कुठे पाठवणार? बशीखाली ठेवते झालं. हल्ली सुट्टीच्या दिवशी मी वडे करते, पहिला कठड्यावर ठेवते आणि पडद्याआड तुझी वाट बघत उभी राहते. एक मात्र तुला सांगते. साळुंकी आली की मी तिला हुसकावून लावते.